स्पेनला जाऊन काय केलंत, झोपलात?

पत्र

ताई, आम्ही रत्नागिरीचे. हे बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, मी सत्तावन्न वर्षांची. लेक-जावई नोकरीनिमित्त स्पेनमध्ये मालागाला असतात. मेच्या मध्याला आम्ही त्यांच्याकडे आलो, जुलैअखेर परत. घर समुद्रापासून पाच मिनिटांवर, पेद्रेगालेहो नावाच्या भागात आहे. जूनच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ती दोघं मित्राच्या लग्नाला बार्सिलोनाला जाणार. आल्यापासून पहिल्यांदाच घरात आम्ही दोघंच असू. लेकीनं आमच्यासाठी एक्सेलमध्ये कार्यक्रम आखून दिलाय: शनिवारी ग्रानादा, रविवारी रोंदा, पहाटेच्या बसच्या वेळांसकट. ह्यांना तो पसंत आहे. म्हणतात, एवढं तिकीट काढून आलोय ते काय घरात बसायला? मला मात्र कुठेही जायचं नाही. दीड महिना चौघांचा स्वयंपाक चालू आहे, त्यात माझा गुडघा. दोन दिवस नुसतं बसावं, समुद्र बघावा, वाटलं तर लोळावं. पण हे बोलायची लाज वाटते. सासूबाई रोज फोनवर विचारतात, आज काय पाहिलंत? आणि खरं सांगू का, थोडी भीतीही आहे. मुलं नसली की आमचं बोलणं ‘गोळ्या घेतल्या का’ आणि ‘गॅस बंद केला का’ ह्याच्यापुढे जात नाही. दोन दिवस रिकामे बसलो तर करणार काय?

— एक रत्नागिरीकर

उत्तर

नमस्कार. ग्रानादाचं आधी मिटवून टाकू, कारण ते सोपं आहे. लेकीनं एक्सेल केलं, पण तिथल्या अल्हाम्ब्रा किल्ल्याची तिकिटं काढलीत का, हे तिला विचारा. तिथल्या नास्रिद राजवाड्यांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, तिकीट पासपोर्टवरच्या नावानं निघतं, आणि मोसमात ती कित्येक दिवस आधी संपून जातात. तिकीट नसेल तर जूनअखेरच्या उन्हात तुम्ही दोघं बाहेरच्या भिंती बघून परत याल. पाहण्यासारखं आहेच ते, त्यात वाद नाही. म्हणूनच जुलैत, आडवारी, लेकीकडून तिकिटं काढून घेऊन, एक रात्र मुक्काम करून जा. रोंदाला बसनं जायला दोन तास आणि यायला दोन, रस्ता घाटाचा. आंबा घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी तो हौसेला म्हणून एका दिवसात जाऊन-येऊन करू नये.

तिकिटाचं कारण सांगितलंत तर तुमचे यजमान लगेच मान्य करतील. बँकेतला माणूस, कागद नसेल तर पुढे जात नाही. पण मी तुम्हाला ते कारण पुढे करू नका असंच सांगेन. कारण उद्या तिकिटं मिळाली तर? मग तुम्ही पहाटे साडेपाचला उठून दशम्या भाजत असाल. त्यापेक्षा सरळ सांगा: “मी दमलेय. हे दोन दिवस मला कुठे लांब जायचं नाही, आणि मी स्वयंपाकही करणार नाही.” दुसरं वाक्य गाळू नका. तुमच्या पत्रात ‘दीड महिना चौघांचा स्वयंपाक’ हे तुम्ही गुडघ्याच्या शेजारी, घाईघाईत लिहून टाकलंय, जसं काही ते हवामान आहे. लेकीकडे राहायला गेलेल्या आईला ते हवामानच वाटतं, मला ठाऊक आहे.

यजमानांची बाजूही थोडी घेते. ‘घरात बसायला आलोय का’ हे बोलणं कंजूषपणाचं नाही. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी मिळाली ती १ सप्टेंबर २०१५ पासून. तोवर ह्या गृहस्थांची बहुतेक नोकरी होऊन गेली होती. आणि जे शनिवार मिळाले असतील ते तुमच्याकडेही दळण, माळा, पंखे पुसणं आणि कुणाचं तरी बारसं ह्यातच गेले असतील. सुट्टी आली की एखादं काम काढायचं, ही आपली रीतच आहे. परदेशात काम काय काढणार, तर स्थळदर्शन. यादीतल्या एकेका नावावर बरोबरची खूण केली की त्यांना दिवस सत्कारणी लागल्यासारखं वाटतं.

आम्ही दोघांनीही हेच केलं. काही वर्षांपूर्वी ह्यांच्या कामानिमित्त आम्ही मालागात चार महिने होतो, तुमच्या आताच्या घरापासून फार लांब नाही. पहिल्याच रविवारी सकाळी साडेसातला बाहेर पडलो. रोमन नाट्यगृह, त्याच्या डोक्यावरची अल्कासाबा ही जुनी गढी, तिच्याही वरचा हिब्रालफारोचा किल्ला, सगळं चढून उतरून साडेबाराला एका खानावळीत शिरलो तर पोऱ्या अजून खुर्च्या मांडत होता. स्वयंपाकघर दीडला सुरू होईल म्हणाला. मग प्लासा दे ला मेर्सेदच्या एका बाकावर बसून आम्ही पिशवीतला चिवडा खाल्ला आणि कडाडून भांडलो. विषय काय, तर पाण्याची दुसरी बाटली कुणी घ्यायची ठरलं होतं. समोर कबुतरं होती, ती दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

त्या साडेबाराचा उलगडा मला पुढे झाला, आणि तो तुमच्या घरात उपयोगी पडेल. स्पेनचं घड्याळ १९४० साली हुकूमशहा फ्रँकोनं एक तास पुढे ढकलून जर्मनीच्या वेळेशी जुळवलं, ते परत मागे आणलंच नाही. त्यात उन्हाळ्याचा आणखी एक तास. त्यामुळे जूनअखेर मालागात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या पुढे. रत्नागिरीत त्याच दिवसांत तो पावणेएकच्या आत येतो (पावसाळ्यात दिसत नाही ही गोष्ट वेगळी). म्हणजे आपण साडेबारा-एकला पान मांडतो आणि ती माणसं दोन-अडीचला जेवायला बसतात, त्यात सूर्याच्या हिशेबानं काहीच फरक नाही. तसंच रात्रीचं. सूर्यास्त पावणेदहाच्या सुमारास, तर जेवण साडेआठ-नऊच्या आधी कोण करणार? यजमान पहाटे पाचला उठून बसत असतील आणि बाहेर अंधार बघून अस्वस्थ होत असतील, तर त्यांना सांगा की अजून दोन तास तरी सूर्य काही उगवत नाही. अख्खं शहर झोपलेलं असताना एकट्यानं जागं राहिलं की माणूस एक्सेल उघडतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ह्या दोन दिवसांपुरतं तिथल्या वेळेनं वागायचं. उशिरा उठणं, अकराला काहीतरी किरकोळ पोटात, अडीचला मोठं जेवण, मग वामकुक्षी, आठला बाहेर, दहाला थोडंसं काही. सिएस्टाचं आपल्याकडे फार कौतुक होतं. नोकरदार स्पॅनिश माणसाला ती रोज कुठली मिळायला, पण छोटी दुकानं दुपारी दोन ते पाच बंद असतात आणि वयस्क माणसं आडवी होतातच. तुम्हाला तर ती शिकावीही लागणार नाही.

आता शनिवार. सकाळचा चहा यजमानांनी करायचा. बाहेर चहा मागू नका. कोमट पाण्याच्या कपाशेजारी एक पुडी ठेवून देतात, आणि मग दिवसभर तुम्ही त्याबद्दल बोलत राहाल. कॉफी मात्र बाहेर प्या, कारण मालागात कॉफी मागायची स्वतःची भाषा आहे. यादवी युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात कॉफी वाया जाऊ नये म्हणून तिथल्या एका कॅफेवाल्यानं, कपात कॉफी किती आणि दूध किती ह्यावरून एकेका पेल्याला नावं दिली. ‘मिताद’ म्हणजे निम्मं-निम्मं. ‘सोंब्रा’, म्हणजे सावली, त्यात दूध जास्त. ‘नुबे’, म्हणजे ढग: दुधात कॉफीचा नुसता रंग. हा तक्ता फरशीवर रंगवून भिंतीत बसवलेला असे, आणि त्यात शेवटचा पेला रिकामा: ‘मला देऊ नका’. तुम्हाला नुबे आवडेल, तुमच्या ह्यांना सोंब्रा. काउंटरवर ‘उना नुबे’ एवढंच म्हणायचं. जमलं की माणूस उगाच खूश होतो.

मग अकरा नंबरची बस पकडून आलामेदापर्यंत जा आणि अतारासानास मंडईत शिरा. हे मी स्थळदर्शन म्हणून सांगत नाही. मिरकरवाड्याला रविवारी सकाळी मासळी घ्यायला घरात कोण जात होतं? बहुधा तुमचे हेच. त्यांना त्यांच्या प्रांतात न्या. ही मंडई चौदाव्या शतकात जहाजं बांधायची गोदी होती. नावाचा मूळ अरबी अर्थही तोच. समुद्र तेव्हा तिथपर्यंत यायचा. त्या गोदीची एक संगमरवरी नालाकृती कमान तेवढी उरली आहे, तीच आता मंडईचा दरवाजा. मागचा लोखंडी सांगाडा १८७०च्या दशकातला. पण तुम्ही कमानीकडे फार बघू नका, मासळीच्या रांगेकडे चला.

तिथे दोन रीती आहेत. गाळ्यासमोर ओळ दिसत नाही, सगळे इथे-तिथे उभे असतात. आल्या आल्या विचारायचं, ‘किएन एस एल उल्तिमो?’, शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं, त्या माणसामागे तुमचा नंबर. आणि माशाला हात लावायचा नाही. कल्ले उचलून लाल आहेत का बघायची आपल्या हातांना सवय, ती खिशात ठेवायची. ह्यांना ते फार जड जाईल. डोळ्यांवरून ओळखू दे. मग सुरू होतो खेळ: हे बोकेरोनेस म्हणजे आपल्या मांदेलीची चुलत बहीण की काय, ही कोकिनास म्हणजे तिसऱ्यांचं बारकं भावंड, हा पेडवा, ही बघ तारली, केवढी जाडजूड. मालागाच्या माणसाला बाकीचे स्पॅनिश लोक ‘बोकेरोन’च म्हणतात, म्हणजे आपण एखाद्या गावच्या माणसांना मांदेली म्हणावं तसं. तुम्ही म्हणता बोलायला विषय नाही. कोकणातलं जोडपं मासळीच्या गाळ्यासमोर गप्प उभं राहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

विकत मात्र काहीही घ्यायचं नाही, नाहीतर ते साफ कोण करणार हे आपल्याला ठाऊक आहे. मंडईतच गाळे आहेत, ते समोर तळून देतात. उभ्यानं खावं लागतं. गुडघ्याचं बघून एखादं उंच स्टूल रिकामं झालं की धरा. पिशवीत फक्त फळं: ह्या दिवसांत चेरी, जर्दाळू, चपटे पीच आणि पहिल्या बहराचे अंजीर. आंबे शोधू नका. मालागाच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर आंब्याच्या बागा आहेत, पण तिथला आंबा उतरतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि तुम्ही रत्नागिरीच्या असल्यामुळे त्याबद्दल काय म्हणाल ते मी इथे छापणार नाही. दूध-पावही शनिवारीच आणून ठेवा, रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात.

परतताना कॅथेड्रलवरून या आणि मान वर करून बघा. एक मनोरा पूर्ण, दुसरा अर्धा. लोक तिला लाडानं ‘ला मांकिता’ म्हणतात, एका हातानं थोटी. १७८२ साली काम थांबलं आणि तो मनोरा राहिला तो राहिलाच. यादी पूर्ण करायची घाई असलेल्या गृहस्थांना ते दाखवा. काही बोलू नका, नुसतं दाखवा.

दुपारी घरीच, पडदे ओढून. टेराल सुटलेला असेल तर बाहेर पडायची इच्छाही होणार नाही. हा जमिनीवरून येणारा कोरडा वारा, आपल्या मतलईचा तापट नातेवाईक. गंमत म्हणजे तो सुटला की शहर भाजतं आणि समुद्र थंडगार होतो, कारण तो वरचं ऊन पाणी आत ढकलून देतो आणि खालचं गार पाणी वर येतं. एरवीही तिथलं पाणी आपल्याला थंडच. आणि एक गोष्ट तुम्ही आतापर्यंत टिपली असेलच: तो समुद्र जागचा हलत नाही. भरती-ओहोटीत जेमतेम गुडघ्याएवढा फरक पडतो. मांडवीला ओहोटीत पाणी कुठल्या कुठे जातं ते बघत वाढलेल्या माणसाला पहिले काही दिवस हा समुद्र बंद पडल्यासारखा वाटतो. मला वाटायचा.

संध्याकाळी आठला निघा. (किनाऱ्यावरच्या लोकांच्या कपड्यांमुळे तुमचे यजमान फोनमध्ये डोकं खुपसून चालत असतील, तर त्या वेळेला ती अडचणही बरीच कमी झालेली असते.) तुमच्या दारापासून किनाऱ्याची फरसबंद वाट पूर्वेला एल पालोला जाते. सपाट आहे, पावलोपावली बाकडी आहेत, गुडघ्याला वाळूत न्यायची गरज नाही. डावीकडे बुटकी घरं, कोळ्यांच्या वस्तीची. उजवीकडे चंद्रकोरीसारखे छोटे किनारे. कुठेतरी हाबेगा दिसेल, वल्ह्यांची लांब होडी, नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेली. वाट चुकू नये म्हणून होडीला डोळे. ही समजूत प्राचीन फिनिशियन दर्यावर्दींपासूनची म्हणतात.

एल पालोला एखाद्या चिरिंगितोत बसा. चिरिंगितो म्हणजे गोव्याच्या शॅकचा मोठा भाऊ. वाळूत एक जुनी होडी असते, वाळूनंच भरलेली, आणि तिच्यात लाकडांचा विस्तव. बाजूला माणूस उभा असतो, एका हातात चिरलेला, टोकदार केलेला बांबू. तारल्या साफही केलेल्या नसतात, खवलं काढलेलं नसतं, पोट उघडलेलं नसतं. पाठीच्या काट्याखालून तो बांबू घालतो, अशा पाच-सहा ओळीनं, की मासा शिजून मऊ झाला तरी गळून पडत नाही. वर जाडं मीठ. मग बांबू विस्तवाच्या कडेला वाळूत तिरका रोवून ठेवतो आणि वारा बघून फिरवतो. हळद नाही, तिखट नाही, आगळ नाही, तिरफळ नाही. तुमचे हात शिवशिवतील. पहिला घास घेईपर्यंत मीही मनातल्या मनात चिंचेचा कोळ काढत होते. पण त्या मोसमात तारलीच्या अंगाला इतकं तेल असतं की तिला दुसरं काही लागत नाही. तिथे म्हणतात, नावात ‘र’ नसलेल्या महिन्यांत तारली खावी. मे, जून, जुलै, ऑगस्ट: मराठीत म्हणून बघा, आपल्या उच्चारातही जमतं. आणि नेमक्या ह्याच दिवसांत मिरकरवाड्याला पावसाळी बंदीनं बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. रत्नागिरीत जूनअखेर सुकं खाणाऱ्या माणसानं ताज्या तारल्या सोडून बसमध्ये बसावं, हे मला कोकणाच्या वतीनं पटत नाही.

ह्याला एस्पेतो म्हणतात. खायचे हातानं. १८८४च्या नाताळात तिकडे मोठा भूकंप झाला, पाहणीला राजा बारावा आल्फोन्सो पुढच्या जानेवारीत आला आणि एल पालोत मिगेल मार्तिनेस सोलेर नावाच्या माणसाच्या खानावळीत जेवला. राजानं काटा-सुरी उचलली तेव्हा मिगेल म्हणाला, महाराज, असं नाही, बोटांनी. गोष्ट खरी किती आणि तिखटमीठ किती, देव जाणे (जानेवारीत ‘र’ आहे, हे माझ्या लक्षात आहे). पण अजूनही तारलीला काटा लावणाऱ्याकडे लोक त्या नजरेनं बघतात. इथे तरी आपण जन्मजात पुढे आहोत.

शनिवार पाळत असाल तर एस्पेतो रविवारवर ढकला आणि शनिवारी वांग्याचे काप मागवा, ‘बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या’. तळलेल्या वांग्यावर जे काळंभोर, दाट ओतून देतात ती चक्क काकवी आहे. ह्या किनाऱ्यावर शतकानुशतकं ऊस होता. आता ऊस गेला, पण नेर्हाजवळच्या फ्रिहिल्याना गावात काकवीचा कारखाना अजून चालू आहे. वांगं आणि काकवी हे आपल्याला कधी कसं सुचलं नाही, हा प्रश्न मला आजही पडतो.

जेवून झालं तरी उठू नका. बिल मागितल्याशिवाय येणार नाही. तिथे ते आणून ठेवणं म्हणजे ‘निघा आता’ म्हणण्यासारखं उद्धट समजतात. जेवणानंतर ताटं तशीच ठेवून तासन्‌तास बसून राहण्याला त्यांच्याकडे शब्दच आहे, सोब्रेमेसा. आपल्याकडे हात वाळेपर्यंत गप्पा मारतात ना पंगतीनंतर, ते. तुम्ही मात्र गेली तीस-पस्तीस वर्षं तेव्हा ओट्यापाशी उभ्या होतात. ह्या वेळी बसा.

आणि इथेच तुमच्या भीतीबद्दल बोलू, कारण ती तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलीत आणि माझ्या मते पत्र तिच्यासाठीच लिहिलंत.

आमच्या घराखालच्या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी एक जोडपं यायचं, सत्तरीच्या पुढचं. दोन घडीच्या खुर्च्या, अगदी पाण्याच्या कडेला, पावलं भिजतील अशा बेतानं. बाईंच्या हातात पंखा. बाबांच्या हातात सूर्यफुलाच्या भाजलेल्या बियांची पुडी. तिथे त्या शेंगदाण्यासारख्या खातात, दातानं फोडून. ते फोडत बसायचे, सालं एका कागदी पेल्यात, आणि मधूनच सोललेल्या चार-पाच बिया तिच्या तळहातावर ठेवायचे. ती न बघता तोंडात टाकायची. दीड-दोन तास. मी खिडकीतून मुद्दाम लक्ष ठेवलं होतं, एका संध्याकाळी ती दोघं मिळून दोन वाक्यं बोलली असतील. त्यातलं एक बहुधा ‘गोळी घेतलीस का’ असणार.

तेव्हा बोलण्याचा कार्यक्रम ठरवू नका. ‘आता आपण मनातलं बोलू या’ असं म्हटलं की चांगली माणसं घाबरतात. तुमच्या गप्प बसण्याला घरात अडसर एवढाच की तिथे दोघांपैकी एक सतत काहीतरी करत असतं, म्हणजे तुम्ही. दुसऱ्याला मग अपराधी वाटतं किंवा तो टीव्ही लावतो. दोघांचेही हात रिकामे, समोर पाणी, असं तुम्ही शेवटचं कधी बसला होतात? लेकीच्या बाल्कनीत खुर्च्या असतीलच. नसतील तर किनाऱ्यालगतच्या कुठल्याही बाजारात मिळतात.

रविवारी एकत्र काही करायचं नाही. हो, नीट वाचलंत. दुपारी त्यांना एकट्याला बाहेर पाठवा. पिकासो १८८१ साली ह्याच शहरात जन्मला, दहा वर्षांचा होईतो गाव सोडून गेला, पण त्याच्या नावाचं मोठं संग्रहालय इथे आहे आणि रविवारी बंद होण्याआधीचे दोन तास तिथे तिकीट लागत नाही. फुकट आणि यादीतलं, म्हणजे त्यांचा जीव शांत. अल्कासाबाही रविवारी दोननंतर फुकट असते, पण त्या उन्हात तिथे चढवू नका. ते गेले की तुम्ही घरात एकट्या. पाय वर करा, अंजीर खा, माहेरी फोन लावा, झोपा. ते परत येतील ते काहीतरी सांगत येतील: ती बाई एका बाजूनं बघितली तर दोन नाकांची दिसते, काय समजायचं ह्यातून? बरोबर गेला असतात तर ते दोघांनी पाहिलं असतं आणि कुणी कुणाला काही सांगितलं नसतं.

सासूबाईंचं उत्तर तयार ठेवा. ‘आज काय पाहिलंत?’ ह्यावर गप्प बसलात तरच लाज वाटेल. “राजानं जिथे हातानं तारली खाल्ली तिथे आम्हीही खाल्ली” एवढं सांगितलंत की रत्नागिरीत रात्री साडेनऊला त्यांना दुसऱ्या कशाचीच उत्सुकता राहणार नाही. त्या पुढचा अर्धा तास ‘भाव काय’ हेच विचारतील. आणि जमलंच तर त्यांना १६ जुलैचं सांगा. त्या दिवशी एल पालोचे कोळी त्यांच्या देवीला, विर्हेन देल कार्मेनला, खांद्यावरून समुद्रात नेतात. आपल्या नारळी पौर्णिमेच्या बहिणीसारखं आहे. तेव्हा तुम्ही तिथेच असणार आहात आणि चालत जाण्याइतकं जवळ आहे. एक्सेलमध्ये ते नसेल.

लेकीला काय सांगायचं? खरं ते. “तू आखलंस ते छान आहे, पण आम्ही ह्या वेळी घरीच राहतो.” तिला वाईट वाटेल अशी भीती असेल, तर मला वाटतं तिला हायसंच वाटेल. बार्सिलोनाच्या लग्नात बसून, आई-बाबा कुठल्या बस-स्टँडवर उभे असतील ह्याची काळजी करण्यापेक्षा हे बरं. आणि ती परत येईल त्या रविवारी रात्री तिच्यासाठी गरम वरणभात तयार ठेवायचा मोह तुम्हाला होणार. ठेवू नका. फ्रीजमध्ये टरबूज ठेवा.

एक राहिलं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी शहराच्या मध्यात पांढरा सदरा आणि कमरेला लाल शेला गुंडाळलेले लोक बिस्नागा विकत फिरतात. एका वाळक्या काटेरी फुलाच्या प्रत्येक काडीवर एकेक मोगऱ्याच्या जातीची, जाईची कळी खोवून केलेला पांढरा चेंडू. कळ्या दुपारी मिटलेल्या असतानाच खोवतात आणि अंधार पडता पडता त्या एकदम उमलतात. तिथल्या बायका तो कपड्याला लावतात किंवा उशाशी ठेवतात. म्हणतात, त्यानं डास येत नाहीत. शनिवारी संध्याकाळी गावात गेलात किंवा रविवारी तुमच्या ह्यांना संग्रहालयातून येताना तो दिसला, तर त्यांना आणायला सांगा. आपणहून सुचण्याची वाट बघू नका, नाव कागदावर लिहून द्या. आणि आणलाच तर मग कपड्याला कशाला, केसातच माळा.